मी पाहिलेला सामना : अंधेरीचे फुटबॉल मैदान

'मी पाहिलेला सामना' हा निबंधाचा विषय तुम्हाला नवीन नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या चाचणीत तो येतोच. आणि दरवर्षी मी वह्या तपासायला बसले की तीस-चाळीस वह्यांमध्ये एकच वाक्य वाचते, 'मैदान प्रेक्षकांनी खचाखच भरले होते.' पुढे सामना क्रिकेटचा असतो, शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या असतात आणि आपला फलंदाज षटकार मारतो. मग मी विचारते, "कुठे पाहिलास रे हा सामना?" उत्तर ठरलेलं असतं. "टीव्हीवर, बाई."

टीव्हीवर सामना पाहण्यात काही वाईट नाही. मीही पाहते. पण टीव्हीवर पाहणाऱ्याला मैदान भरलं होतं की नाही, याने फारसा फरक पडत नाही. मैदानात बसलेल्याला आणि खेळणाऱ्याला पडतो. किती पडतो, हे मला अंधेरीत कळलं. म्हणून आजचा पाठ फुटबॉलवर.

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवर शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. तिथल्या फुटबॉल मैदानाला आता मुंबई फुटबॉल अरेना असं नाव आहे. मैदान छोटंसं, जेमतेम नऊ हजार माणसं मावतील एवढं. वानखेडेवर बसलेल्या माणसाला हे शाळेचं मैदान वाटेल! पूर्वी मुंबईत फुटबॉल म्हटलं की दक्षिण मुंबईतलं कूपरेज. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा तिथे रंगायची आणि गिरण्यांचे, कंपन्यांचे संघ तिथे खेळायचे. माझे वडील मफतलाल आणि ऑर्के मिल्सची नावं अजून घेतात. आम्हा उपनगरातल्या मुलांना मात्र कूपरेज लांब होतं. ३ सप्टेंबर २०१६ रोजी भारताचा पोर्तो रिकोशी सामना झाला, तो अंधेरीत. भारत ४-१ असा जिंकला. मुंबईत भारताचा आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना त्याआधी १९५५ साली झाला होता. म्हणजे मध्ये तब्बल ६१ वर्षं गेली. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगमधला आपला मुंबई सिटी संघही नवी मुंबई सोडून अंधेरीला खेळायला आला.

मी राहते घाटकोपरला. मेट्रोत बसलं की अंधेरीच्या पुढचं स्टेशन आझाद नगर, तिथे उतरलं की मैदान चालत. अर्ध्या तासाचा प्रवास. तरीसुद्धा पहिली दोन वर्षं मी फारशी गेले नाही. धाकटा भाऊ जायचा, आणि मी म्हणायचे, "टीव्हीवर दिसतं की नीट, रिप्ले पण दाखवतात."

आता १ जून २०१८ ची गोष्ट सांगते. अंधेरीत चार देशांची इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धा सुरू झाली होती. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई. पहिला सामना भारताचा तैपेईशी. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, भारत ५-० असा जिंकला. आणि तो पाहायला मैदानात माणसं किती होती? २५६९. एक कोटीहून जास्त लोकांचं शहर आणि देशाच्या संघासमोर अडीच हजार माणसं. त्या २५६९ मध्ये मी नव्हते. शाळेला सुट्टी होती, मेट्रो दारात होती आणि मी घरी होते.

दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ करून टाकला. त्यात तो हात जोडून लोकांना मैदानावर यायची विनंती करत होता. युरोपातल्या संघांचे चाहते असाल तर आमचा खेळ त्या दर्जाचा नाही हे मान्य, आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, अशा अर्थाचं त्याचं बोलणं होतं. देशासाठी शंभरावा सामना खेळायला निघालेला कर्णधार प्रेक्षक मागत होता. मला लाज वाटली, खरंच सांगते. भावाने त्याच संध्याकाळी दोन तिकिटं काढली. उशीर केला असता तर मिळाली नसती, कारण पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली.

४ जून, सोमवार, रात्री आठचा सामना, समोर केनिया. पाऊस असा की रेनकोटच्या आतही ओलं. छत्री आत नेऊ देत नाहीत, हे मला गेटवर कळलं. मैदानात पाणी साचलेलं. गडी पास द्यायचा आणि चेंडू मध्येच डबक्यात थांबायचा, की दोन्हीकडचे सगळे धावत सुटायचे, आणि लोक हसायचेही आणि ओरडायचेही. पहिल्या सत्रात गोल नाही. त्या दिवशी प्रेक्षकांची संख्या होती ८९९०. पावसात उठून कोणी गेलं नाही. ६८ व्या मिनिटाला भारताला पेनल्टी मिळाली आणि छेत्रीने गोल केला. तेव्हा जो आवाज झाला तो कानात नाही, छातीत ऐकू आला. लगेच तीन मिनिटांनी जेजेने दुसरा गोल केला. तो मी पाहिलाच नाही! ओला मोबाईल पुसून पहिल्या गोलाचा आनंद घरी कळवत होते. मान वर केली तर सगळे उभे. "काय झालं?" असं मी शेजारच्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "गोल झाला ताई, इथे रिप्ले नसतो." शेवटी जादा वेळेत छेत्रीने आणखी एक गोल केला आणि भारत ३-० असा जिंकला. १० जूनला अंतिम सामन्यात पुन्हा केनियाच होता, छेत्रीचेच दोन गोल, २-०. त्या दिवशी त्याचे देशासाठी ६४ गोल झाले, म्हणजे तेव्हा मेस्सीचे अर्जेंटिनासाठी होते तेवढेच.

त्यानंतर मी आणि भाऊ नियमित जायला लागलो. सवय झाल्यावर कळलं की टीव्हीवर आपण सामना पाहतो असं वाटतं, पण खरं तर आपण चेंडू पाहतो. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. मैदान मात्र १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं आणि त्यात बावीस जण असतात. चेंडू एका वेळी एकाच्याच पायात. बाकीचे एकवीस काय करतात? हे फक्त स्टँडमधून दिसतं. गोलरक्षक सतत ओरडत असतो, डावीकडे, मागे, बाहेर या. चार बचावपटू एका दोरीला बांधल्यासारखे पुढे-मागे सरकतात. आघाडीचा खेळाडू चेंडू नसतानाही मुद्दाम एका बाजूला पळतो, आपल्या मागे एकाला ओढून नेतो आणि त्या मोकळ्या जागेत दुसराच घुसतो. टीव्हीवर आपल्याला फक्त तो दुसरा दिसतो आणि आपण म्हणतो, हा एवढा मोकळा कसा काय राहिला!

ऑफसाइडचंही तसंच. वर्गात मी फळ्यावर काढून दाखवते तेव्हा निम्म्या मुलांच्या डोक्यावरून जातं. नियम असा, की प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात आपला साथीदार पास देतो त्या क्षणी, मी चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्याही पुढे असता कामा नये. (शेवटचा बहुतेक वेळा गोलरक्षक असतो.) मैदानात गेलात तर बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन धावणाऱ्या सहायक पंचाकडे दहा मिनिटं नुसतं बघत बसा. तो चेंडूबरोबर धावत नाही. तो त्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत सरकत राहतो, खेकड्यासारखा आडवा. ते पाहिलं की नियम पाठ करावा लागत नाही.

आता प्रेक्षकांकडे येऊ. मुंबई सिटीच्या चाहत्यांचा वेस्ट कोस्ट ब्रिगेड नावाचा एक गट आहे. आकाशी रंगाचे टीशर्ट, मोठे झेंडे, ढोल. नव्वद मिनिटं ही मंडळी उभी असतात आणि गात असतात, संघ हरत असला तरी. त्यांच्यात एक जण घोषणा सुरू करून देणारा असतो. तो कठड्याला टेकून मैदानाकडे पाठ करून उभा असतो, कारण त्याला गर्दीकडे बघायचं असतं. तिकीट काढून आलेला माणूस आणि सामना धड बघतही नाही! पहिल्यांदा मला तो वेडाच वाटला. (स्टँडमध्ये कधीकधी शिव्याही ऐकू येतात, हे पालकांनी धरून चालावं. माझ्या कपाळाला आठ्या पडतात, पण भाऊ म्हणतो, शिक्षकपण बाहेर ठेवून ये.)

या आरडाओरड्याने खरंच काही फरक पडतो का? याचं उत्तर करोनाने दिलं. मे २०२० मध्ये जर्मनीतली लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, मग इतर देशांतही. अभ्यासकांनी नंतर आकडे तपासले तेव्हा दिसलं, की घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला एरवी जो फायदा मिळतो तो प्रेक्षक नसताना कमी झाला. आणि गंमत म्हणजे पाहुण्या संघाला पिवळी कार्डंही कमी मिळाली. म्हणजे प्रेक्षकांचा आवाज फक्त खेळाडूच ऐकतात असं नाही, पंचही ऐकतात.

आमच्या वाट्याला याचं एक वेगळंच रूप आलं. २०२०-२१ च्या मोसमात सगळी इंडियन सुपर लीग गोव्यात, बंद दाराआड खेळवली गेली. आणि नेमकं त्याच वर्षी मुंबई सिटीने पहिल्यांदा चषक जिंकला. १३ मार्च २०२१, मडगावचं फातोर्डा मैदान, समोर एटीके मोहन बागान. पहिल्या सत्रात आपल्या मुंबईचाच अमेय रणवडे टक्कर होऊन बेशुद्ध पडला, त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. मैदान एवढं शांत होतं की टीव्हीवरसुद्धा ती शांतता अंगावर आली. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला, २-१. भावाने खुर्चीवरून उडी मारली आणि मग आम्ही दोघं गप्प बसलो. एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, तेव्हा स्टँडमध्ये आमच्यातलं कोणीच नव्हतं. नुसत्या खुर्च्या.

माझा सर्वांत लाडका गोल मात्र आमच्या संघाचा नाहीच. १७ मार्च २०१९ ला लीगचा अंतिम सामना अंधेरीत झाला. बेंगळुरू विरुद्ध गोवा. यजमान आम्ही आणि खेळणारे दोघेही पाहुणे. एका बाजूला नारिंगी, दुसऱ्या बाजूला निळे, आणि आम्ही मुंबईकर लग्नात जेवायला आलेल्या शेजाऱ्यांसारखे मध्ये. जादा वेळेतही गोल होईना. लोक पेनल्टीच्या तयारीला लागले. तेवढ्यात ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि बेंगळुरूच्या एका बचावपटूने डोक्याने चेंडू आत घातला. राहुल भेके. मुंबईचा मुलगा, आडनाव मराठी. माझ्या पुढच्या ओळीत एक आजोबा होते, तोवर ते गोव्याच्या बाजूने ओरडत होते. ते वळून म्हणाले, "आपलाच आहे हो तो!" आणि टाळ्या वाजवायला लागले. पुढे हाच भेके मुंबई सिटीत आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईने इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाला २-१ असं हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब, आणि विजयी गोल भेकेचा. तोही डोक्यानेच.

निबंधाबद्दल एवढंच सांगते. सामना पाहायला गेलात तर खचाखच लिहिण्याआधी एकदा मागे वळून स्टँड बघा. रिकामा असेल तर रिकामा लिहा, मी गुण कापणार नाही. आजूबाजूला कोण बसलं होतं, काय ऐकू आलं, कुठला गोल हुकला, ते लिहा. धावफलक तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही असतो.

आणि पालकांसाठी. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर सामन्याच्या निदान पाऊण तास आधी पोहोचा. दोन्ही संघ सराव करत असतात आणि तेव्हा खेळाडू सर्वांत जवळून दिसतात. पाण्याची बाटली आत नेता येत नाही, घरून निघतानाच पाणी पाजून घ्या. सामना संपल्यावर आझाद नगर स्टेशनच्या जिन्यावर गर्दी होते, दहा मिनिटं थांबलात तरी मेट्रो मिळते. साकीनाक्याच्या आसपास मुलं खांद्यावर झोपतात. चेहऱ्यावरचा निळा रंग तुमच्या शर्टाला लागेल, तो साबणाने निघतो.