केसाळ मांजराची जात कोणती?

खान्देशातल्या नरडाण्यात कुणाच्या ओट्यावर पांढरंशुभ्र, केसाळ मांजर दिसलं की प्रश्न ठरलेला: "हाई परशियन शे का भो?" उत्तरही ठरलेलं, हो! खरं तर लांब केसांची आणखी एक जुनी, दुर्मीळ जात आहे, टर्किश अंगोरा. आणि ओट्यावरचं मांजर बहुधा या दोन्हींतलं नसतं.

गैरसमज: लांब केस म्हणजे परदेशी रक्त.
वस्तुस्थिती: केस किती वाढले की थांबायचं, हे 'एफजीएफ-५' नावाचं जनुक ठरवतं. आई आणि बाप दोघांकडून त्याची बिघडलेली प्रत आली, की केस लांब वाढतात. म्हणून आखूड केसांच्या जोडीलाही कधी केसाळ पिल्लू होतं.

गैरसमज: पर्शियन आणि अंगोरा एकच.
वस्तुस्थिती: केस बोटांनी दुभंगून पाहा. पर्शियनच्या तळाशी पिंजलेल्या कापसासारखा दाट थर लागतो. अंगोराला तो जवळजवळ नसतो, केस रेशमासारखे सुटे पडतात. पर्शियन बुटकं, गोल डोक्याचं. अंगोरा सडपातळ, निमुळत्या तोंडाचं, बदामी डोळ्यांचं, झुपकेदार शेपटीचं. अंगोरा हे अंकारा शहराचं जुनं नाव. युरोपात पर्शियनशी संकर होत होत ही जात जवळपास विरून गेली. अंकाराच्या प्राणिसंग्रहालयानं ती जपली आणि १९६२ मध्ये तिथूनच एक जोडी अमेरिकेत गेली.

गैरसमज: पर्शियन थेट इराणचं.
वस्तुस्थिती: इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानं १६२० मध्ये इराणातून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या रेशमी केसांच्या मांजरांचं वर्णन आहे. पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात नेल्याचंही तो लिहितो. पुढं १६२३ मध्ये तो स्वतः सुरतेला उतरला. आज नरडाण्याहून रेल्वे जाते तेच सुरत. मात्र २००८ च्या एका जनुकीय अभ्यासात आजच्या पर्शियनचं नातं इराणपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जवळचं निघालं.

गैरसमज: 'डॉल फेस', 'पंच फेस', 'ट्रिपल कोट' या वेगवेगळ्या जाती.
वस्तुस्थिती: ही विक्रेत्यांची भाषा. पहिल्या दोन शब्दांत नाक किती चपटं ते सांगितलं जातं, तिसऱ्यात केसांचा दाटपणा. जुन्या पर्शियनचं नाक चपटं नव्हतं. ते माणसानं निवडून निवडून घडवलं. नाक जितकं बसकं, तितका श्वास जड आणि डोळ्यांना पाणी. खान्देशात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा याचा त्रास जास्तच.

गैरसमज: एक डोळा निळा, एक पिवळा म्हणजे अस्सल अंगोरा.
वस्तुस्थिती: असे डोळे कुठल्याही पांढऱ्या मांजराला असू शकतात. त्यांच्यात निळ्या डोळ्याच्या बाजूचा कान बहिरा असण्याची शक्यता मात्र जास्त.

जात सिद्ध होते ती पिढ्यांच्या नोंदी असलेल्या वंशावळीच्या कागदानं. तो नसेल, तर पैसे केसांचे मोजले जातात, जातीचे नाही. मग ओट्यावरच्या मांजराला नुसतं मांजर म्हणावं, आणि केसांत गाठी होऊ नयेत म्हणून रोज फणी फिरवावी.