तेरा महिन्यांचे वर्ष

पंचांगात अधिकमास सुमारे पावणेतीन वर्षांनी येतो. भारतातील मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात तो दरवर्षी येतो. त्यांचा प्रचलित ‘महिना’ २८ दिवसांचा. साहजिकच आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकाला वर्षाकाठी १३ वेळा खिशात हात घालावा लागतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये ३० दिवसांची योजनाही ठेवण्याचा आदेश दिला. पण २८ दिवसांचा रिवाज मोडला नाही.

१९९५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. पुढे अनेक कंपन्या परस्परांशी झुंजल्या आणि दर कोसळले. ही किमया स्पर्धेची होती. २०१६ नंतरच्या दरयुद्धात मात्र बहुतेक कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या वा विलीन झाल्या. उरलेल्या तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी जुलै २०२४ मध्ये एकापाठोपाठ एक दर वाढविले. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क २०११ पासून देशभर आहे. पण सगळ्याच दुकानांत भाव चढला, तर दुकान बदलून काय साधणार?

अन्य देशांच्या तुलनेत येथील दर कमी आहेत, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु बँकेच्या व्यवहारापासून विद्यार्थ्याच्या प्रवेश अर्जापर्यंत सर्वत्र फोन लागतो. तो आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, ती स्पर्धा गृहीत धरून. ती स्पर्धाच आटली असेल, तर त्या मोकळिकीचा फेरविचार करणे आणि भारत संचार निगमला समर्थ प्रतिस्पर्धी म्हणून उभे करणे, हे शासनाचे कर्तव्यच ठरते.