प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा आणि आपले त्वचादान

भाजलेल्या रुग्णाच्या मांडीची किंवा पाठीची पातळ कातडी काढून डॉक्टर त्याच्याच जखमेवर बसवतात. दुसऱ्याची त्वचा शरीर कायमची स्वीकारत नाही. मग ज्याचे जवळजवळ सगळे अंग जळाले आहे, त्याची त्वचा आणायची कुठून?

१९८३ साली अमेरिकेतील बोस्टनमध्ये डॉक्टरांसमोर हाच प्रश्न होता. ५ आणि ६ वर्षांचे दोन भाऊ, अंग ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेले. त्वचेच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याची रीत शास्त्रज्ञ हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे सहकारी राइनवॉल्ड यांनी १९७५ मध्येच मांडली होती. मुलांच्या काखेतून त्वचेचा लहानसा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी सुट्या करून पोषक द्रवात, उंदराच्या पेशींच्या थरावर ठेवल्या. त्या उंदराच्या पेशींची वाढ आधीच किरणांनी थांबवलेली असते. त्या फक्त आधार देतात. पेशी वाढून एकमेकींना चिकटल्या, पातळ पापुद्रे तयार झाले. त्यांनी मुलांचे जवळपास निम्मे अंग झाकले. दोघेही वाचले.

मात्र याला चमत्कार म्हणू नये. अशा पापुद्र्याला घामाच्या ग्रंथी नसतात, केस येत नाहीत, सुरुवातीला तो फार नाजूक असतो. खर्चही गरिबाच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय पापुद्रे तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर उघड्या जखमेतून अंगातले पाणी जाते, जंतू आत शिरतात. बोस्टनच्या मुलांच्या जखमा या काळात मृत दात्यांच्या त्वचेनेही झाकल्या होत्या.

इथे आपला संबंध येतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. १४ एप्रिलला रक्तदान शिबिर घेणारी आपली मंडळे त्वचादानाबद्दल मात्र क्वचितच बोलतात. मृतदेह अपुरा राहील, पुढच्या जन्मी त्रास होईल, ही भीती समाजात आहे. श्राद्ध-पिंडदान नाकारणाऱ्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ती कशाला हवी?

मृत्यूनंतर ६ तासांच्या आत त्वचापेढीला फोन करावा लागतो. पथक घरीही येते. मांड्या, पाय आणि पाठीवरचा केवळ वरचा पातळ थर काढून पट्टी बांधतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ किंवा त्वचेचा कर्करोग असल्यास त्वचा घेत नाहीत. संमती नातेवाइकांची लागते, म्हणून इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवावी.