स्वस्त गिटारीचा खरा खर्च

बोदवडसारख्या तालुक्याच्या गावीही आता दहा हजारांच्या आत इलेक्ट्रिक गिटार घरपोच येते. पुष्कळदा ती सुरात लागत नाही आणि शिकणारा मुलगा आपलाच कान कच्चा ठरवून तिला खुंटीला टांगतो. दोष बहुधा कानाचा नसतो, लाकडाचाही नसतो. सांगाडा यंत्रावर नेमका कापला जातो. काटकसर होते ती हाताच्या कामात. पडद्यांच्या कडा घासलेल्या नसतात. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या खाचा उथळ राहतात. म्हणून पहिल्या पडद्यावर तार दाबताच स्वर चढतो. ग्राहक मात्र महागडा पिकअप बसवतो. पिकअप तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करतो. बेसूर तार त्याने सुरेल कशी व्हावी? 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेला मिरजेचा तंबोराही घोडी घासून जवारी काढल्याखेरीज बोलत नाही, आणि त्या हाताचे मोल मिरजेत वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा पैसा आधी खाचा व पडदे यांच्या दुरुस्तीवर खर्चावा. मानेतील सळईचा ताण घरीही जुळवता येतो. मात्र एका वेळी चावी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये.