गांजा : बंदी की परवाना?
जुना वाद, प्रचलित कायदा आणि गावाची जबाबदारी

मादक पदार्थांवर संपूर्ण बंदी असावी, की शासनाच्या नियंत्रणाखाली त्यांची मर्यादित विक्री होऊ द्यावी, या प्रश्नाची चर्चा आज अनेक देशांत चालू आहे. हा वाद पाश्चात्य देशांतून आपल्याकडे आला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आपल्या परिसराला तो नवा नाही. ज्या अहमदनगर जिल्ह्यास २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळाले, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील गांजा पिकविणाऱ्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक होता. ज्या पिकाच्या व्यापारावर सरकार एकेकाळी महसूल मिळवीत असे, तेच पीक आज शेतात लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा पालट कसा घडला आणि त्यातून गावाच्या कारभाऱ्यांवर कोणती जबाबदारी आली, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

परवान्याचा काळ

भांगेच्या मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा म्हणजे गांजा. नर झाडे वेळीच उपटून टाकली नाहीत, तर फुलोऱ्यात बी धरते व माल हलका होतो. त्यामुळे हे पीक कष्टाचे आणि जाणकारीचे मानले जाई. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने मादक पदार्थांचा व्यवहार परवान्याच्या चौकटीत आणला होता.

१८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या धोरणाविषयी प्रश्न उपस्थित झाला व डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. १८९४ च्या अहवालात त्याने असा निष्कर्ष काढला, की अतिरेकी सेवन घातक असले, तरी माफक सेवनाचे दुष्परिणाम फारसे दिसत नाहीत. सबब संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. बंदी घातल्यास लोक अधिक घातक व्यसनांकडे वळतील, अशीही भीती होती. म्हणून लागवड ठराविक क्षेत्रापुरती ठेवावी, पुरेसा कर बसवावा आणि किरकोळ विक्रीवर मर्यादा घालावी, असा सल्ला आयोगाने दिला. आयोगातील दोन भारतीय सदस्यांनी मात्र आपले भिन्न मत नोंदविले. आजच्या वादातील बहुतेक मुद्दे या अहवालात सापडतात.

बंदीकडे वाटचाल

परवाना पद्धतीत एक मूलभूत दोष होता. व्यसन वाढले, की तिजोरीत भर पडे. प्रजेच्या व्यसनावर राज्याने उत्पन्न मिळवू नये, हा विचार स्वातंत्र्य चळवळीने रुजविला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून समाविष्ट झाला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूबरोबर गांजा, भांग व चरस यांवरही निर्बंध घातले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात औषधी व शास्त्रीय कारणांखेरीज होणारा वापर पंचवीस वर्षांत थांबविण्याचे बंधन आले. त्यानुसार १९८५ चा अंमली पदार्थ कायदा त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आला.

दोन्ही बाजू

बंदीच्या विरोधकांचे म्हणणे असे, की बंदीमुळे व्यापार नाहीसा होत नाही, तो गुन्हेगारांच्या हाती जातो. मालाच्या शुद्धतेची हमी राहत नाही आणि शिक्षा मात्र गरीब सेवनकर्त्यास होते. उरुग्वेने २०१३ मध्ये व कॅनडाने २०१८ मध्ये गांजाची नियंत्रित विक्री मान्य केली. पोर्तुगालने २००१ मध्ये विक्रीवरील बंदी कायम ठेवून अल्प प्रमाणातील सेवनावरील फौजदारी कारवाई तेवढी रद्द केली.

बंदीचे समर्थक दारूकडे बोट दाखवितात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, तर भांग, गांजा वा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लक्ष होते. जी वस्तू दुकानात मिळते ती अधिक लोकांपर्यंत पोहोचते, असा अर्थ ते यातून काढतात. परवान्याने शुद्धतेची हमी मिळते, हेही ते मान्य करीत नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे बनावट दारूने अनेकांचे प्राण गेले, तेव्हा या जिल्ह्यात परवान्याची दुकाने चालूच होती. थायलंडने २०२२ मध्ये गांजा मुक्त केला व २०२५ मध्ये त्यास पुन्हा निर्बंध घातले.

महाराष्ट्राचा अनुभवही एकाच बाजूचा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. नुसत्या बंदीने किंवा नुसत्या परवान्याने प्रश्न सुटतो, असे म्हणण्यास आधार मिळत नाही. व्यापारी हा गुन्हेगार आणि व्यसनाधीन हा रुग्ण, एवढा भेद मात्र दोन्ही पक्षांतील विचारी माणसे मान्य करतात.

प्रचलित कायदा

हा भेद आपल्या कायद्यातही आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. गांजाचे १ किलोपर्यंतचे प्रमाण अल्प व २० किलोंहून अधिक प्रमाण व्यापारी समजले जाते. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत, तर व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे शिक्षा आहे. केवळ सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेईल, तर कलम ६४-अ अन्वये तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने कलम ४७ महत्त्वाचे आहे. बेकायदा लागवडीची माहिती कळताच ती पोलिसांस किंवा संबंधित खात्यास तात्काळ देणे, हे प्रत्येक शासकीय अधिकारी, पंच, सरपंच व ग्राम अधिकारी यांचे कर्तव्य आहे. त्यात कसूर करणे हाच गुन्हा ठरतो. तूर, कपाशी किंवा उसाच्या आड लावलेली गांजाची झाडे राज्यात अनेक ठिकाणी उघडकीस आली आहेत. अशा वेळी भाऊबंदकीची भीड बाळगणे सरपंचास परवडणारे नाही.

गावाने काय करावे?

व्यसनी मुलाचे नाव उघड झाले, तर पोलीस येतील, या भीतीने घरचे लोक ते लपवितात. दरम्यान उपचाराची वेळ निघून जाते. शिक्षकांच्या नजरेस गैरहजेरी, अभ्यासातील घसरण, बदललेली संगत या गोष्टी सर्वप्रथम येतात. त्यांनी पालकांना विश्वासात घेऊन उपचाराचा मार्ग दाखवावा. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ केंद्राने व्यसनी माणूस पुन्हा उभा राहू शकतो, हे दाखवून दिले आहे. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लावावा, आणि कलम ४७ बरोबर कलम ६४-अ ची माहितीही ग्रामसभेत वाचून दाखवावी.

कायद्यात पुढे काय बदल व्हावा, हे संसद ठरवील. तोपर्यंत शेतातील चोरटे पीक कळविणे आणि घरातील रुग्णास दवाखान्यापर्यंत नेणे, ही दोन्ही कर्तव्ये गावासच पार पाडावयाची आहेत. पहिले केले आणि दुसरे राहिले, तर कायद्याचे अर्धेच काम झाले असे समजावे.