सवय (मानसशास्त्र)

सवय म्हणजे ठरावीक प्रसंगी पुनःपुन्हा केल्यामुळे जवळजवळ आपोआप घडू लागलेली कृती होय. दाराशी चपला काढणे, जेवणाआधी हात धुणे, विचारात पडल्यावर नखे कुरतडणे ही तिची नित्याची उदाहरणे आहेत. अशी कृती करताना मनाला वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही. पुष्कळदा ती केल्याचे नंतर आठवतही नाही. मानसशास्त्रज्ञ सवयीची तीन अंगे मानतात : तिला चालना देणारी खूण (वेळ, जागा, सोबत किंवा आधीची कृती), प्रत्यक्ष कृती आणि तिच्यातून मिळणारे फळ. चांगली सवय लागते आणि वाईट सवय टिकते ती याच यंत्रणेमुळे. तिच्यात निश्चयापेक्षा प्रसंगाचा वाटा मोठा असल्याचे प्रयोगांतून दिसून आले आहे.

संज्ञा

मराठीत सवयीसाठी छटा दाखवणारे अनेक शब्द आहेत. चांगल्या अर्थाने ‘वळण’, शिकण्याच्या संदर्भात ‘अभ्यास’, उपद्रवी सवयीला ‘खोड’, हवीहवीशी वाटणाऱ्या गोष्टीची ‘चटक’, तर शरीर व मन दोन्ही अडकले म्हणजे ‘व्यसन’. सवय ‘लागते’ आणि ‘सुटते’, तशीच ती ‘लावता’ आणि ‘मोडता’ही येते, हा क्रियापदांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण मात्र पहिल्याच अर्थाकडे झुकते. ती अनुभवातून आलेली असली, तरी पुढे दिलेली निरीक्षणे पाहता ती पूर्णपणे खरी मानता येत नाही.

विचारांचा इतिहास

माणसाला सद्गुण जन्मतः मिळत नाहीत, तशा कृती वारंवार केल्याने ते अंगी येतात, असे ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ या ग्रंथात मांडले. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या निरोधासाठी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली असून, अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, अखंड व आदरपूर्वक करावा लागतो, असे म्हटले आहे.

आधुनिक काळात विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. नव्या सवयीची सुरुवात जोमाने करावी आणि ती रुजेपर्यंत एकदाही खंड पडू देऊ नये, असा त्याचा आग्रह होता. एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये बंद पेटीतून बाहेर पडण्यास शिकणाऱ्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती त्या परिस्थितीशी घट्ट बांधली जाते, हा त्याचा निष्कर्ष पुढील संशोधनाचा पाया ठरला.

सवय कशी जडते

नवी कृती सुरुवातीला हेतूच्या आधाराने चालते. सायकल शिकणारा मूल प्रत्येक हालचालीचा विचार करतो. हात बसल्यावर तो गप्पा मारत सायकल चालवतो. या बदलात मेंदूच्या खोल भागातील तलगंडिका नावाच्या केंद्रांचा मोठा सहभाग असतो. ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या वाटेवर धावण्यास शिकवले असता, प्रारंभी या भागातील पेशी संपूर्ण धावेत सक्रिय राहत. सराव झाल्यावर त्यांची सक्रियता मुख्यतः धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी एकवटली. अनेक सुट्या हालचालींचे जणू एकच गाठोडे बांधले गेले होते.

हे गाठोडे एकदा बांधले गेले की फळाचे महत्त्व कमी होत जाते. दांडी दाबून अन्न मिळवण्याचा फार दीर्घ सराव झालेले उंदीर, त्या अन्नाबद्दल शिसारी निर्माण केल्यानंतरही दांडी दाबत राहतात. माणसांबाबतचा २०११ चा एक प्रयोग तर गमतीदार आहे. चित्रपटगृहात नेहमी पॉपकॉर्न खाणाऱ्यांना आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले असता, ते आवडले नसतानाही त्यांनी ताज्याइतकेच खाल्ले. तेच पॉपकॉर्न सभेच्या खोलीत दिल्यावर किंवा चित्रपटगृहातच नेहमीच्या ऐवजी दुसऱ्या हाताने खाण्यास सांगितल्यावर मात्र हा प्रकार घडला नाही. सवय भुकेशी नव्हे, तर जागेशी आणि हाताशी बांधलेली होती.

किती दिवस लागतात

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे विधान सर्वत्र आढळते. मॅक्सवेल मॉल्ट्झ या शल्यचिकित्सकाने १९६० च्या आपल्या पुस्तकात, रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास किमान एकवीस दिवस लागतात असे निरीक्षण नोंदवले होते. त्यातील ‘किमान’ हा शब्द गळाला आणि चेहऱ्याबद्दलचे निरीक्षण सर्व सवयींना लावले गेले.

फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या व २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. प्रत्येकाने खाणे, पाणी पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक कृती निवडून ती रोज ठरावीक प्रसंगानंतर बारा आठवडे केली. ती आपोआप होऊ लागण्यास लागणारा काळ गणिताने काढला असता तो १८ ते २५४ दिवस एवढा पसरलेला निघाला. मध्यक ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने प्रगतीला विशेष बाधा आली नाही. जेम्सचा ‘एकदाही खंड नको’ हा नियम येथे सैल होतो. ज्या विद्यार्थ्याची नव्या वर्षाची रोजनिशी चौथ्याच दिवशी चुकते, त्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनानुसार, ‘मी अभ्यास करीन’ अशा संकल्पापेक्षा ‘संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मी गणिताची वही उघडीन’ असा प्रसंगाशी बांधलेला संकल्प अधिक वेळा पाळला जातो.

सवय मोडणे

जुनी सवय पुसली जात नाही, ती मागे पडते. त्यामुळे वर्षानुवर्षांनी जुन्या जागी गेल्यावर ती पुन्हा डोके वर काढू शकते. उलट जागा बदलली की ती आश्चर्यकारक रीतीने सुटतेही. व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. तेथे असताना आपण अफू किंवा हेरॉइनच्या आहारी गेलो होतो, असे सुमारे एक पंचमांश सैनिकांनी सांगितले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा त्या अवस्थेला गेले. बहुतेकांना ते व्यसन व्हिएतनाममध्येच लागले होते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. या अभ्यासावरून कोणतेही व्यसन सहज सुटते असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

जागा बदलणे शक्य नसेल तेथे कृती बदलतात. अझ्रिन आणि नन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, नख कुरतडण्याची ऊर्मी येताच मूठ मिटून धरण्यासारखी, त्या सवयीशी एकाच वेळी न होऊ शकणारी कृती शिकवली जाते. त्यासाठी हात तोंडाकडे केव्हा जातो हे प्रथम त्या व्यक्तीच्या लक्षात यावे लागते. शिक्षेने हे साधत नाही. मार खाणारे मूल नखे कुरतडणे सोडत नाही, लपवते.

मशेरीचे उदाहरण

महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण स्त्रियांत आढळणारी मशेरीची (मिश्रीची) सवय या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून त्यांची पूड करतात आणि ती बोटाने दातांना व हिरड्यांना लावतात. प्रारंभ दात घासण्याच्या किंवा दाढदुखी थांबवण्याच्या निमित्ताने होतो. घरात आई किंवा सासू लावत असेल, तर डबी हाताशीच असते. सकाळची एक वेळ पुढे जेवणानंतरची, दुपारच्या विसाव्याची आणि शेजारणींच्या गप्पांची वेळ होते. निकोटीन हिरडीतून रक्तात जाते आणि ते न मिळाल्यास चिडचिड, डोकेदुखी, अस्वस्थता जाणवते. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. दात घासण्याच्या चांगल्या सवयीच्या वेषात व्यसन घरात येते, आणि ते लावणारीला आपण तंबाखू ‘खातो’ असे वाटतही नाही.

धूरविरहित तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. गरोदरपणी तिच्या सेवनाचा संबंध बाळाचे वजन कमी असणे आणि मृतजन्म यांच्याशी आढळला आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते.

मशेरी सोडण्यातील विशेष अडचण अशी, की तिची मुख्य खूण टाळता येत नाही : दात रोज घासावेच लागतात. म्हणून वेळ व जागा तीच ठेवून डबीच्या ठिकाणी तंबाखूविरहित दंतमंजन किंवा ब्रश ठेवणे, दुपारच्या वेळेसाठी बडीशेप किंवा लवंग जवळ बाळगणे आणि घरातील सर्वच स्त्रियांनी एकत्र सोडणे हे मार्ग उपयोगी पडतात. डबी घरात राहिली, तर एकटीचा निश्चय फार काळ टिकणे कठीण असते. निकोटीन सोडल्याचा त्रास पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो आणि साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तो असह्य झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधोपचार करता येतात.

दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे, आणि महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली. घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी मात्र या तरतुदींच्या कक्षेबाहेर राहते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापणे बंधनकारक आहे. आठवडी बाजारातून सुट्या विकत घेतलेल्या पानांबरोबर तो घरी पोहोचत नाही.