कार्ड खिशात, गोळी विकत

जालन्याचा मस्तगड म्हणजे निजाम असफजाहाच्या अमदानीत, १७२५ साली बांधलेल्या किल्ल्याचा भाग. आज किल्ला बराचसा नावापुरता उरला असून भोवती शहर पसरले आहे. या परिसरातल्या एखाद्या घरात पन्नाशी ओलांडलेल्या बाईला बीपी आहे आणि नवऱ्याला शुगर, असे समजू. (असे घर हल्ली शोधावे लागत नाही.) महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातली सगळी कुटुंबे येतात. उद्या त्या बाईला हृदयविकाराचा झटका आला आणि योजनेतल्या रुग्णालयात ती भरती झाली, तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च सरकार उचलेल. झटका येऊ नये म्हणून रोज सकाळी घ्यायची गोळी मात्र या योजनेत बसत नाही, कारण योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, हे खरे. पण रांगेत उभे राहायचे तर रोजंदारी बुडते, आणि औषध शिल्लक नसले की बाहेरची चिठ्ठी हातात पडते. मग मेडिकलमधून आठ दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि त्या संपल्या की पुढचा पैसा हातात येईपर्यंत खाडा करायचा. आजार असा खाड्याखाड्याने वाढत जातो, आणि तो पुरेसा वाढला की मगच योजनेचे कार्ड कामाला येते.

सार्वत्रिक आरोग्य संरक्षण ही संकल्पना संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आहे आणि त्यासाठी २०३० ची मुदत ठरलेली आहे. प्रत्येकाला गरजेची आरोग्यसेवा मिळावी आणि ती घेताना तो कर्जात बुडू नये, एवढाच तिचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगातल्या साडेचार अब्ज लोकांना अत्यावश्यक सेवा पूर्णपणे मिळत नव्हत्या. भारतात एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्के होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण जो पैसा अजून खिशातून जातो, त्यातला मोठा भाग औषधांवर आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांवर जातो, म्हणजे नेमका त्या बाईच्या गोळीवर. आरोग्य संरक्षणाची सुरुवात रुग्णालयाच्या बिलापासून न होता घराच्या उंबऱ्यापासून व्हायला हवी, हे माझे म्हणणे आहे. त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा जालन्याहून बीडमार्गे काही तासांवर असलेल्या जामखेडमध्ये आहे. तो पुरावा जगभर गेला. परत आला तो अर्धाच.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काम केले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते १९७० साली जामखेडला आले. दवाखाना थाटला तो गुरांच्या जुन्या दवाखान्यात. वडाळ्याला त्यांच्या लक्षात आले होते की बरे करून घरी पाठवलेले मूल त्याच जुलाबाने, त्याच कुपोषणाने पुन्हा पुन्हा दारात येते. म्हणून जामखेडला त्यांनी गावात काम करायचे ठरवले आणि आधी नर्सबाई पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. शिकलेली, एकटी, परगावची तरुणी गावात टिकेना, आणि गावही तिचे ऐकेना. तेव्हा गावातलीच बाई शिकवावी असे ठरले. आलेल्या बायकांपैकी बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. आठवड्याला जामखेडला यायचे, थोडे शिकायचे, गावात जाऊन ते करायचे, पुढच्या आठवड्यात अडचणी घेऊन परत यायचे, अशी ही शाळा होती. बाळंतपणात हात आणि पाते स्वच्छ ठेवणे, जुलाबात साखर-मिठाचे पाणी देणे, मुलांची वजने घेणे, गरोदर बाईवर लक्ष ठेवणे ही त्यांची कामे. पिण्याच्या पाण्याच्या विंधनविहिरी घेतल्या तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले. पाण्यासाठी सवर्णांना तिकडे यावे लागले, आणि अस्पृश्यतेवरच्या भाषणांना जे जमत नव्हते ते हंड्याने थोडेफार जमवले. हे औषधपाणी नव्हे, असे कुणी म्हणेल. पण ज्या वस्तीला पाणीच मिळत नाही, त्या वस्तीतल्या मुलाच्या जुलाबावर दुसरे औषध कोणते? प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला.

पुढची गोष्ट आंतरराष्ट्रीय सहकार्याची आहे, आणि ती सहकार्याच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेत बसत नाही. जिनिव्हात जागतिक चर्च परिषदेचा ख्रिश्चन मेडिकल कमिशन नावाचा एक विभाग होता. मिशनच्या रुग्णालयांवर एवढा पैसा ओतूनही आसपासची गावे निरोगी का होत नाहीत, हा प्रश्न त्याला पडला होता. जामखेडसारखे प्रयोग त्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या नजरेस आणले. संघटनेचे महासंचालक तेव्हा हाफ्डन माहलर होते. ते डेन्मार्कचे, पण उमेदीची जवळपास दहा वर्षे भारतातल्या क्षयरोग कार्यक्रमात घालवलेले, त्यामुळे खेड्यातला दवाखाना त्यांना कागदावरून समजून घ्यावा लागला नाही. १९७५ साली संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचे एक पुस्तक काढले, त्यात जामखेडवरचे प्रकरण आरोळे दांपत्याने स्वतः लिहिले. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देश जमले आणि ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. त्या जाहीरनाम्याच्या घडणीत मोठा वाटा असलेले डॉ. कार्ल टेलर मिशनरी डॉक्टरांच्या पोटी मसुरीला जन्मलेले. पंजाबातल्या नारंगवाल गावी त्यांनी प्रयोग केले, आणि जॉन्स हॉपकिन्सला ते आरोळ्यांचे गुरू होते. शिकवण अमेरिकेतली, पैसा काही प्रमाणात परदेशातल्या चर्चचा, अक्कल जामखेडच्या बायकांची, आणि ठराव सोव्हिएत भूमीवर, शीतयुद्धाच्या ऐन भरात. श्रीमंत देशाने द्यायचे आणि गरिबाने हात पसरायचा, हा सहकार्याचा नमुना इथे कुठेच लागू पडत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जामखेड चालले ते आरोळ्यांमुळे, असे डॉक्टर तालुक्या-तालुक्याला कुठून आणणार? आक्षेप पोकळ नाही. शिवाय प्रकल्पाने स्वतःच ठेवलेल्या नोंदींवर किती विसंबायचे, हाही प्रश्न रास्त आहे. म्हणून २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक अभ्यास महत्त्वाचा. बाहेरच्या संशोधकांचाही त्यात हात होता. प्रकल्पातली गावे आणि शेजारची बिगर-प्रकल्प गावे यांची त्यात तुलना केली होती. एक महिना ते पाच वर्षे वयाच्या मुलांत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातल्या बाळांत मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे पद्धत खरी होती आणि तिला एक भोकही होते. ते भोक बुजवण्याचे काम तोवर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला झालेही होते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, तेही जॉन्स हॉपकिन्सहून परतल्यावर, ‘सर्च’ ही संस्था उभी केली. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे श्वास मोजून कळते, पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने ते कसे ओळखायचे? त्यांनी मण्यांची एक पाटी केली. दोन आडव्या तारांवर मणी, सोबत मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी वरची तार, मोठ्यासाठी खालची, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध सुरू. नवजात बाळांसाठी त्यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी पहिल्या गटातले नवजात मृत्यू दुसऱ्याच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी होते. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. दहा वर्षांत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बाळंतिणीच्या घरी भेट देण्याची शिफारस सगळ्या देशांना केली. आज आपल्याकडे आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, त्या वेळापत्रकाचे मूळ गडचिरोलीत आहे. थोर डॉक्टरांची गरज प्रयोगाला लागते. प्रयोगातून नियम तयार झाला की तो चालवायला दहावी शिकलेली, नीट प्रशिक्षण दिलेली बाई पुरते. आरोळ्यांबद्दलच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे.

पण नियम परत येताना काय गळले, तेही पाहायला हवे. अल्मा-आटानंतर वर्षभरातच, १९७९ साली, अमेरिकेतून सूर निघाला की सर्वांसाठी सगळे हे परवडणार नाही, चार-पाच स्वस्त उपाय निवडा. लसीकरण, क्षारसंजीवनी, स्तनपान, मुलांची वजने यांवर भर आला. त्याने असंख्य मुले वाचली, हे मान्य. पाणी, जात, उत्पन्न हे विषय मात्र बाजूला पडले. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगावी ‘आशा’ आली. आज देशात त्या दहा लाखांच्या घरात आहेत. जामखेडच्या बायकाही पगारी नव्हत्या. पण त्यांच्यासाठी बचत गट, कर्ज, जोडधंदा यांची सोय प्रकल्पाने पाहिली होती, आणि गावातला त्यांचा मान हा कामाचाच भाग होता. सरकारने त्यातली ‘स्वयंसेविका’ तेवढी उचलली. मे २०२२ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. पुरस्कार देणारे आणि मानधन अडवणारे वेगवेगळे, हे खरे. तरी या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचाव्यात. जामखेडमधले सगळ्यात सहज उचलता आले ते बायकांचे फुकटचे कष्ट.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. गावची आरोग्यसेविका म्हणजे गरिबांसाठी दुय्यम दर्जाचे वैद्यक. ज्याला बायपास हवी त्याला मणी मोजून काय उपयोग? उपयोग नाहीच. फुले योजनेने किती कुटुंबांची जमीन आणि दागिने वाचवले असतील, हे खेड्यात कुणालाही विचारावे. जामखेडलाही रुग्णालय होते, शस्त्रक्रिया होत होत्या. प्रश्न एकाच्या जागी दुसरे आणण्याचा नसून क्रमाचा आहे. थायलंडने २००२ च्या सुमारास तीस बाथची आरोग्य योजना देशभर नेली तेव्हा प्रत्येक माणसाचे नाव आधी त्याच्या तालुक्याच्या पातळीवरच्या प्राथमिक सेवेशी जोडले. रोजची औषधे त्यातच आली आणि मोठ्या रुग्णालयाची वाट तिथूनच पुढे गेली. तिथे गावपातळीवर आरोग्य स्वयंसेवकही दहा लाखांच्या आसपास आहेत. खिशातून जाणारा खर्च आता एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे. थायलंड श्रीमंत म्हणून त्याला जमले, हे खरे नाही. तेव्हाचे त्याचे दरडोई उत्पन्न आजच्या भारतासारखेच होते. आपले सरकार आरोग्यावर करत असलेला खर्च मात्र २०२१-२२ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठायचे ठरवले होते, आणि त्यातला दोन-तृतीयांश किंवा अधिक प्राथमिक सेवेला द्यायचा, असेही त्याच धोरणात आहे. विमा दिसतो, त्याचे कार्ड वाटता येते, कार्डावर फोटो छापता येतो. उपकेंद्रात गोळ्या वेळेवर असणे कुणाच्या नजरेत भरत नाही.

परदेशी पैशावर उभे राहिलेले काम पैसा आटला की कोसळते, हे २०२५ मध्ये जगाने पुन्हा पाहिले. अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली, यूएसएड ही आपली मदतसंस्था गुंडाळली आणि कित्येक देशांतल्या एचआयव्हीच्या दवाखान्यांपुढे उद्याचा प्रश्न उभा राहिला. पद्धत उधार घेतली तर मात्र ती कुणाला परत मागता येत नाही. २०१७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी मिळून उच्च रक्तदाबासाठी असाच एक साधा कार्यक्रम सुरू केला: एकच ठरलेली उपचारपद्धत, पायरीपायरीने वाढवायच्या मोजक्या स्वस्त गोळ्या, महिन्याभराचा साठा एकदम, फेरतपासणी घराजवळच्या उपकेंद्रात, आणि कोण आले नाही याची नोंद. यात अलौकिक बुद्धीचा चमत्कार काही नाही. बीपीची गोळी महिन्याला मिळाली की खाडा पडत नाही, इतकेच. ही गोळी मस्तगडच्या त्या घरापर्यंत नेण्याची एक वाटही आहे: जालन्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन वर्षानुवर्षे त्यांच्या घरी जायचे असते, आणि ही कुटुंबे बहुधा खेड्यातली निवडतात. खेड्यात निदान आशा आहे. शहराच्या जुन्या गल्ल्यांत तिचा आवाका तोकडा पडतो. तेव्हा पहिल्या तुकड्यांची काही घरे शहरातली असावीत, बीपी मोजायचे यंत्र आणि महिन्याच्या गोळ्या विद्यार्थ्यासोबत जाव्यात, आणि त्याचा खर्च फुले योजनेच्याच निधीतून करण्याची मुभा राज्याने द्यावी. एका बायपासला जेवढे लागतात तेवढ्या पैशांत या गोळ्या किती घरांना किती वर्षे पुरतील, हा हिशेब महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मांडता येईल.